भिंतीवरचा माझा ठसा

मी एक जुनी किल्ली हाय, मित्रांनो. पन मला कुलपात घालून फिरवायला जाऊ नका. मी लोखंडाची न्हाई, आकड्यांची हाय. मांजरसुंब्याच्या एका दूध संस्थेत लहानसा काळा डबा होता, त्याच्यात माझा जलम झाला. आजूबाजूच्या अकरा गावांतली दूध केंद्रं आपापल्या जागेवरूनच त्या डब्यात लॉगिन करायची आन् किती दूध जमलं ते लिहायची. सगळ्यांचं लिहून झालं की टँकर निघायचा. माझं काम एकच. कुनी दारात आलं की सांगायचं, "बराबर आलास. दूध संस्था हीच."

पन मी खरं बोलते, हे त्यांना कसं कळावं? त्यासाठी माझा एक ठसा होता, माझ्याच आकड्यांतून निघालेला, चाळीस-पन्नास अक्षरांचा. ठसा सगळ्यांनी बघायचा, किल्ली कुनीच न्हाई. कॉम्प्युटर सांभाळनाऱ्या तेजश्रीताईनं ठसा कागदावर छापून अकरा केंद्रांना दिला. "लॉगिन करताना स्क्रीनवर आन् कागदावर एकच दिसलं, तरच हो म्हना," असं बजावलं. कागद दुधात भिजून गळायला लागले. मग लिंबागणेशच्या केंद्रावरच्या आश्रुबाकाकांनी बंकट पेंटरला बोलावून माझा ठसा भिंतीवर ऑइल पेंटनं काढून घेतला. निळी अक्षरं, लाल किनार, चार कोपऱ्यात चार कमळं. ते बघून बाकीच्या दहा गावांनीबी काढला. एवढा मान कोनत्या किल्लीला मिळतो, सांगा!

यंदा डबा लई तापायला लागला. नवा कॉम्प्युटर आला. वांधा असा झाला, की त्याला माझा फॉरमॅट वाचताच येईना. माझी फाईल उघडली की निस्ती खिचडी दिसायची. ठिपके, चौकोन, उलटीपालटी प्रश्नचिन्हं. नवी किल्ली तयार करावी, तर ठसा बदलनार.

आश्रुबाकाकांचा फोन आलाच. "ताई, किल्ली बदलू नका बरं. बंकट ऊसतोडीला गेलाय. भिंत कोन रंगवील?"

"बदलत न्हाई, काका. किल्ली तीच. निस्ते कपडे बदलायले."

ताईनं एक कमांड टाईप केली. पापनी लवायच्या आत माझ्या शेजारी नव्या फॉरमॅटातली ती उभी! सरळ ओळी, सगळ्या एका मापाच्या. डोक्यावर एक पट्टी, पायाशी एक पट्टी, जरीच्या काठावानी. आत आकडे माझेच, ठसाबी माझाच. म्हंजे ती मीच की! पन मित्रांनो, आपल्याच अंगावर दुसऱ्याचं नवं लुगडं बघून कसा भडका उडतो, ते तुमाला सांगून कळायचं न्हाई. सकाळी अकराच्या अकरा केंद्रांनी लॉगिन केलं, एकानंबी कुरकूर केली न्हाई. ठसा माझा, भिंत माझी, कमळं माझी, आन् शाबासकी तिला! मला डब्यासकट कपाटावर ठेवलं. तिथून मी रोज म्हनायची, "लागू दे मेलीला कुनाची तरी नजर."

आन् लागली.

संस्थेचे अध्यक्ष मोहनराव यांनी नव्या कॉम्प्युटरचा शुभारंभ ठेवला. नारळ झाला, हार झाला, माऊसला कुंकू लागलं. ताई नव्या किल्लीची फाईल उघडून शेवटची ओळ नीट आली का ते बघायली होती. तेवढ्यात एका केंद्रावरून फोन आला, म्हनून ती बाहेर गेली. स्क्रीन उघडीच.

"हीच का ती किल्ली? लई देखनी हाय बे!" मोहनराव टँकरच्या ड्रायव्हरला म्हनले. "रामहरी, काढ फोटू. अक्षर न् अक्षर दिसलं पायजे."

रामहरीनं अक्षर न् अक्षर दिसंल असा फोटू काढला. संस्थेच्या ग्रुपवर चारशे लोक होते. "आपल्या संस्थेची नवीन किल्ली, सर्वांनी लाभ घ्यावा," असं लिहून मोहनरावांनी तो टाकला. अंगठ्यांचा पाऊस पडला. एकानं तर विचारलं, "तिसऱ्या ओळीत काय लिव्हलंय?"

ताई आत आली आन् तिनं ग्रुपवरचा फोटू बघितला.

"अध्यक्ष, ही घरातली किल्ली हाय, लगनपत्रिका न्हाई!"

"मग काढून टाकतो की फोटू."

"गेला तो गेला. आता कुनीबी आपल्यावानी खोटं दार उभं करील, आन् ठसाबी बराबर जुळंल."

आमी दोघी एका दमात बाद. ताईनं तिसरीच किल्ली तयार केली. ठसा बदलला. सांजचं दूध कॅनमधे उभं, टँकर दारात उभा, आन् अकरा कॉम्प्युटर ओरडायले: दार बदललंय, आत जाऊ नका!

ताई फोनवर नवा ठसा वाचून दाखवायली, पन आश्रुबाकाका ऐकतात व्हय?

"भिंतीवर हाय ते खरं. तुमीच शिकवलं, जुळलं न्हाई तर हो म्हनू नका. फोनवरचा आवाज तुमचाच कशावरून?"

शिकवन तिचीच होती, आन् बाकीची दहा गावंबी काका काय म्हनतात तेच बघायली. शेवटी मोहनराव तिला गाडीवर घेऊन लिंबागणेशला गेले. काकांनी तिचं तोंड नीट बघितलं, मग भिंतीवर चुना मारला आन् सोता ब्रश धरून नवा ठसा काढला. तो पार वाकडा, कमळाचा झाला कोबी. पन जुळला. मग आश्रुबाकाकांनी सोता फोन फिरवून बाकीच्या दहा गावांना सांगितलं, तवा कुठं टँकर हलला. तोवर दोन कॅन दूध फाटलं. त्याचं पनीर करून ताईनं अध्यक्षांच्याच घरी पाठवलं.

मी अजून कपाटावरच हाय. लिंबागणेशचा चुना पातळ पडला, म्हनं. त्याच्याखालून माझी निळी अक्षरं दिसत्यात. ते ऐकून बरं वाटतं, आन् त्या तिसरीचा विचार आला की परत जळायला होतं. सवय जात न्हाई.

तर मित्रांनो, ठसा खुशाल भिंतीवर काढा, पन किल्ली कुनाला दाखवू नका. आन् ती देखनी असली, तर डबल झाका. माझ्या खिचडीचा फोटू काढावा असं सात वर्षांत कुनाला वाटलं न्हाई. मी तिच्या रूपावर जळत बसले, पन माझ्या कुरूपपनानंच आमाला एवढे दिवस जगवलं होतं.