टाकी अर्धी झाली की

मित्रांनो, मी एक जुनं डिझेल इंजिन आहे. बोगद्याच्या तोंडाशी, पत्र्याच्या छपराखाली माझा मुक्काम असतो. माझ्या पट्ट्यावर एक मोठा पंखा फिरतो. त्याची हवा लांबलचक कापडी नळातून खाली जाते, जिथे माणसं दगड फोडतात. मी थांबलो, की त्यांच्याकडे जेमतेम वीस मिनिटांची चांगली हवा उरते.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझा रंग हिरवागार होता. बावीस वर्षं मी कुरकुर न करता राबलो. माझी देखभाल करणारे मिस्त्री माझ्यावर थाप मारून म्हणायचे, "याच्यावर घड्याळ लावून घ्या!" पुढे रंग उडाला, आणि कौतुकही.

या वर्षी मी मध्येच बंद पडू लागलो. आधी एक ठसका, मग दोन आचके, मग शांतता. ती शांतता फार वाईट. थोड्या वेळाने हवा कमी पडलेल्या माणसांच्या शिट्ट्या खालून ऐकू येऊ लागतात.

पहिल्या खेपेला मिस्त्रींनी सवयीप्रमाणे आधी टाकी काठोकाठ भरली. मग फिल्टर बदलला, नळ्यांत अडकलेली हवा काढली. मी सुरू झालो. "फिल्टर तुंबला होता," ते म्हणाले. आठ दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा आधी टाकी भरली, मग डिझेल ओढणारा पंप बदलला. मी सुरू झालो आणि खापर फुटलं बिचाऱ्या पंपावर. गळती असेल म्हणून ते फडकं घेऊन माझं अंगअंग पुसत, पण फडकं कोरडंच राही. दोष दुसरीकडेच होता. ओरडून सांगावंसं वाटे, पण मला फक्त धडधडता येतं.

मिस्त्रींची भाची मला चालवायची. तिचा धाकटा भाऊ खाली कामाला होता, म्हणून माझा आवाज जरा बदलला तरी तिचा जीव टांगणीला लागे. मी थांबलो की ती टाकीतली पातळी खडूने पत्र्यावर लिहून ठेवी. एकदा ती म्हणाली, "मामा, हे दर वेळी टाकी अर्धी झाली कीच बंद पडतं."

"अर्धी म्हणजे रिकामी नव्हे, बाई! अर्ध्या पेल्यातलं पाणी तुला पिता येत नाही?"

"येतं की. पण मी तोंडाने पिते, हे नळीने पितं."

"मग त्याला प्यायची शिकवणीच लाव!" मिस्त्री हसले.

एका दुपारी सहा माणसं खाली असताना मला ठसका लागला. भाचीने आधी घंटा वाजवली. वर यायची वाट लांब; अर्ध्या तासाने पाच जण धापा टाकत बाहेर आले. सहावा, तिचा भाऊ, त्यांच्यातल्याच एकाच्या खांद्यावर होता. त्याचे ओठ काळेनिळे पडले होते. मोकळ्या हवेत त्याने डोळे उघडले, तेव्हा कुठे तिने श्वास सोडला.

तेवढ्यात मिस्त्री डिझेलचा डबा घेऊन धावत आले. तिने टाकीच्या झाकणावर हात ठेवला.

"आज भरायची नाही."

"डोकं फिरलंय का? काम खोळंबलंय!"

"टाकी भरली की चोर लपतो, मामा. दर वेळी आपणच त्याला लपवतोय."

तिने टाकीत उभी असलेली माझी नळी काढली, एक टोक अंगठ्याने दाबलं, नळी पाण्याच्या बादलीत बुडवली आणि तोंड वाकडं करत फुंकली. नळीच्या मध्यावरून बुडबुडे निघाले. तिथे केसाएवढी चीर होती. टाकी भरलेली असली की चीर डिझेलखाली बुडे. पातळी खाली गेली की मी तिथून डिझेलऐवजी हवा ओढे. जी हवा मी खाली पुरवत होतो, तीच माझ्या घशात अडकत होती.

मिस्त्रींनी डिझेलचा डबा खाली ठेवला. म्हणाले, "आणि मी वेडा बाहेर ओल शोधत बसलो."

आता मला नवी नळी बसली आहे. पण बोगद्याच्या टेकडीपलीकडच्या तोंडाशी माझ्याच वयाचं दुसरं इंजिन आहे. आज वाऱ्यावरून मला त्याचा ठसका ऐकू आला. मग शांतता. भाची पाना घेऊन तिकडे धावली आहे.

मित्रांनो, माझ्यासारखं म्हातारं यंत्र थांबलं, तर आधी माणसांना बाहेर काढा. मग ते जसं थांबलं तसंच नीट बघा, आणि त्यानंतरच टाकीत डिझेल ओता. आम्हाला बोलता येत नाही. आम्ही ज्या स्थितीत थांबतो, तेवढंच आमचं बोलणं असतं.

पलीकडे अजून शिट्ट्या वाजत आहेत.