वर्दीवरचे भोक

मित्रांनो, मी एक जुने शिलाई मशीन आहे. लोक म्हणतात, माझे नशीब फळफळले. लोकांचे काय जाते म्हणायला!

ओतीव लोखंडाचे अंग, काळा रंग आणि खाली जाळीदार पायडल, असे मी कारखान्यातून बाहेर पडले. एका बाईने मला घरी आणले. जिभेची तिखट, पण टाका असा नाजूक की बघत राहावे. लेकाची झबली तिने माझ्यावर शिवली, शाळेच्या चड्ड्या शिवल्या. लेक मोठा होऊन सैन्यात गेला आणि लग्नानंतर मी सुनेच्या हाती आले. सुनेने माझ्या जिवावर घर चालवले. आधी मला तेल घालायची, मग स्वतः चहा प्यायची. मी कधी कुरकुर केली नाही.

तेव्हा सीमेवरची लढाई थांबून तह झालेला होता. पण तह कसला, भांडलेल्या जावांनी एका घरात तोंडे फिरवून बसावे तसला. बंदुका थांबल्या होत्या, आमचा सैनिक मात्र सीमेवरच अडकला होता. रजा मंजूर व्हायची आणि रद्द व्हायची. सून शिवायची माझ्यावर, कान मात्र दाराकडे.

त्याच सुमारास आमच्या गल्लीत एक दिग्दर्शक आला. सैनिकाच्या कुटुंबावर कलात्मक चित्रपट काढत होता. आमची पुढची खोली त्याला पसंत पडली. भिंतीचे पोपडे पाहून तर स्वारी हरखूनच गेली. सैनिक झालेल्या नटाला वर्दी ढगळ होत होती, म्हणून चित्रपटाच्या कपडेवाल्याने ती कमरेत आत घ्यायला सुनेकडे दिली. वर्दीच्या छातीवर एक भोक होते. कडा जळालेल्या, भोवती तांबूस डाग. सून बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली. मग तिने कंबर आत घेतली, डाग घासघासून धुतला, आणि आतून तुकडा लावून ते भोक असे शिवले की शोधूनही सापडू नये. वर कडक इस्त्री करून वर्दी परत दिली.

कपडेवाल्याने कपाळाला हात लावला. "अहो वहिनी, हे काय करून ठेवलंत? ते भोक मुद्दाम पाडलं होतं! किती खपलो होतो मी त्यावर!"

"फाटकी वर्दी तशीच परत द्यायला हात होईना," सून म्हणाली.

"पुढच्या वेळी शेजारी लिहून ठेवा, 'हे भोक राहू द्यावे' म्हणून," सासूबाईंनी आतून टोला हाणला.

दिग्दर्शक मात्र खुर्चीवरून उठलाच. "ताई, हाच माझा शेवट! सैनिकाची बायको मशीनवर बसून त्याच्या वर्दीचं भोक शिवते. बस्स. एक शब्द नाही."

सुनेचा चेहरा उतरला. "म्हणजे तुमचा सैनिक परत येत नाही?"

"कलेची मागणी आहे ती."

"मग मशीन मिळायचं नाही. माझा माणूस अजून तिकडे आहे, साहेब. माझ्या मशीनवर असलं अभद्र नको."

दिग्दर्शक गोड हसला. "बरं बाई, आणतो त्याला परत. दारातून आत येईल, झालं?"

त्या शब्दावर तिने मला त्याच्याबरोबर जाऊ दिले.

शब्द पाळायला तो काय वेडा होता? नटी माझ्यापुढे बसली तेव्हा माझ्यात दोरासुद्धा ओवला नव्हता. दोरा तुटतो, वेळ जातो म्हणे. सुई नुसती वरखाली होत राहिली. इतके खोटे काम मी जन्मात केले नव्हते, आणि नेमके त्यालाच लोकांनी डोक्यावर घेतले. चित्रपटाला पारितोषिके मिळाली, मला पॉलिश मिळाले. तेल कुणी घातले नाही, की घरीही कुणी पोचवले नाही.

मग मोठा सत्कार झाला. व्यासपीठावर मी होते, आणि चित्रपटाची प्रेरणा म्हणून बोलावलेली सून. तिच्याबरोबर एक दमलेला माणूस आला होता. आमचा सैनिक! अखेर त्याला रजा मिळाली होती. माझ्या लोखंडाला इतका आनंद कधी झाला नव्हता. मला वाटले, आता सगळे सभागृह उठून उभे राहील.

संयोजकाने त्याला हळूच बाजूला घेतले. "तुम्ही जरा मागे बसता का? लोकांच्या डोळ्यांपुढे ती विधवा आहे हो. तुम्ही शेजारी दिसलात की सगळा परिणामच जातो."

तो मुकाट्याने शेवटच्या रांगेत जाऊन बसला. हुकूम पाळायची सवय.

सुनेला दोन शब्द बोलायला सांगितले. ती माइकपाशी उभी राहिली. "माझा नवरा मागे बसलाय. जिवंत आहे. तिकडे पुन्हा गोळीबार सुरू झालाय, उद्या त्याला परत बोलावलंय. त्याच्या कोटाचं अस्तर फाटलंय आणि तिकडे थंडी फार. माझं मशीन मला परत द्या. आज हवंय मला ते."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळे पुसले. दिग्दर्शक तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "काय बोललात, ताई!" आणि मला हमालांनी उचलून चित्रपटांच्या संग्रहालयाच्या गाडीत चढवले.

कोट फाटक्या अस्तरानेच गेला असणार. पुढचे मला ठाऊक नाही. काचेच्या कपाटात कुणी येऊन बातमी सांगत नाही.

मित्रांनो, मला जपायचे असेल तर काच पुसू नका. कुलूप काढा, तेल घाला आणि मला माझ्या घरी पोचवा. आणि कुणी तुमच्यापाशी काही मागितले, तर कृपा करून टाळ्या वाजवू नका. तिने मागितले आहे ते द्या.