मागून येणारी बस

मॅरेथॉनच्या शेपटाला एक रिकामी बस चालते. तिचा वेग ठरलेला असतो. ती ज्याला गाठेल तो शर्यतीतून बाद. त्याने निमूटपणे आत येऊन बसायचं. नऊ वर्षं ती बस मी चालवली. रडवेली माणसं चढायची आणि मी म्हणायचो, "बसा हो, एवढं काय मनाला लावून घ्यायचं!" म्हणायला माझं काय जात होतं?

पाचव्या वर्षी मी माझ्या बायकोला उचललं. ती नर्स. ड्यूटी सांभाळून वर्षभर पहाटे उठून पळत होती. शेवटचा चौक ओलांडला की समोर शर्यत संपते ती कमान दिसते. तिथेच बसने तिला गाठलं आणि मी दार उघडलं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, चढली आणि सगळ्यात मागच्या सीटवर जाऊन बसली. घरी भांडली असती तर बरं झालं असतं. तिने चहा केला, मलाही दिला. पुढच्याच महिन्यात तिचा गुडघा गेला आणि डॉक्टरांनी पळणं कायमचं बंद केलं. तो विषय आम्ही दोघांनीही पुन्हा काढला नाही, पण मला तो कधी पचलाही नाही.

म्हणून यंदा निवृत्त झाल्याबरोबर मी नाव दिलं. तो चौक मला पायी ओलांडायचा होता, बसच्या पुढे राहून.

बस आता आमची मुलगी चालवते. तिला मीच शिकवलंय. एकदा भल्या पहाटे लाल सिग्नलला उभे असताना ती वैतागली होती, "बाबा, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. काढू का?"

"लाल म्हणजे लाल," मी म्हणालो होतो. "तो कुत्र्याला विचारून लागत नाही."

शर्यतीच्या आदल्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "उद्या दयामाया नाही हं, बाबा."

"केलीस तर लायसन्स जप्त करीन."

"बाप तशी लेक," बायको म्हणाली आणि तिने माझ्या पानात आणखी भात वाढला.

सकाळी पहिल्याच चौकात मी घोळ घातला. रस्ता शर्यतीसाठी बंद, पण सिग्नल आपले नेहमीसारखे चालू. लाल लागला आणि मी थांबलो. मागची पोरगी माझ्या पाठीवर आदळली.

"काका, काय झालं?"

"लाल आहे ना."

ती एवढी हसली की तिच्या पोटात कळ आली. एकतीस वर्षं बस चालवल्याची सवय. असे चार सिग्नल मी इमानेइतबारे पाळले, पुढचे नशिबाने हिरवेच मिळाले.

तीस किलोमीटरपर्यंत माझं बरं चाललं होतं. मग मांड्यांचे दगड झाले. बरोबर एक निवृत्त पोस्टमन होता. "आयुष्यभर चालतच आलोय, हे काय नवीन!" असं सांगत होता. सदतिसाव्याला तो फुटपाथवर बसला आणि मला म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे." थोड्या वेळाने मागे बसचं दार उघडल्याचा आवाज आला. ती बस दुसऱ्या गिअरमध्ये कुरकुरते. पुढचे चार किलोमीटर ती कुरकुर माझ्या मागे होती आणि हळूहळू जवळ येत होती. मला भीती वाटत होती, अगदी लहान मुलासारखी.

शेवटच्या चौकात पोचलो तेव्हा बस दहा पावलांवर होती. आणि सिग्नल लाल झाला.

माझे पाय आपोआप थांबले. समोर रस्ता रिकामा, कमान दिसत होती. आयुष्यात मी एकही सिग्नल तोडला नव्हता. मग मनात म्हटलं, आज तोडायचा. आणि निघालो.

मागे ब्रेकचा सुस्कारा ऐकू आला. बस उभी राहिली होती. भर रिकाम्या रस्त्यावर, लाल सिग्नलला.

मी वळून पाहिलं नाही. पाच वर्षांपूर्वी जिथे दार उघडलं होतं ती जागा पायाखालून गेली. तिथे रस्ता इतर रस्त्यासारखाच होता. मी रडत पळत होतो, आणि लोकांना वाटलं पाय दुखताहेत. तेही खोटं नव्हतं.

कमानीपलीकडे बायको खुर्ची टाकून बसली होती.

"बस कुठे राहिली?"

"सिग्नलला."

"आणि तुम्ही?"

"तोडला."

ती बघतच राहिली. मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मी तिच्या पायाशी जमिनीवर बसलो आणि पाच वर्षं अडलेलं बोलून टाकलं, "तुझ्या वेळी मी थांबायला हवं होतं. चुकलंच माझं."

तिने माझ्या घामेजल्या डोक्यावर हात ठेवला.

"तेव्हा हिरवा होता," ती म्हणाली. "मी बघितला होता ना. हिरव्याला तुम्ही थांबणार कसे?"