स्रोतापन्न विमलाबाईंचा सत्कार

पौर्णिमेला विमलाबाई गात गात धम्म सांगायच्या आणि आमची नाशिकरोडची अख्खी वसाहत विहारात मांडी घालून ऐकायची. कथा सांगता सांगता त्या चालीवर कधी यायच्या ते कळायचंच नाही. ढोलकीवाल्या दत्तूला मात्र बरोबर कळायचं. आवाज असा, की भाकरी थापणारी बाई पिठाच्या हातांनीच दारात येऊन उभी राही.

नव्व्याण्णव साली त्या पहिल्यांदाच दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला गेल्या. परतल्या त्या चेहऱ्यावर उजेड घेऊन. आठव्या दिवशी म्हणे हाडामांसाचं शरीर जाणवेनासंच झालं. डोक्यापासून पायापर्यंत नुसत्या लहरी, आणि आनंद मनात मावेना. हे त्यांनी शेजारच्या सुलाबाईंना सांगितलं, तेही नळावर. संध्याकाळपर्यंत वसाहतभर झालं, विमलाबाई पोचल्या.

शिबिराहून आलेल्याचा सत्कार करायची आमच्याकडे रीतच. मंडळाचे अध्यक्ष मल्हारीभाऊ, नोटांच्या प्रेसमधून निवृत्त, स्वतः शिबिर केलेले. त्यांनी विहाराच्या फळ्यावर लिहिलं: ‘माघ पौर्णिमेला स्रोतापन्न विमलाबाई यांचा जाहीर सत्कार व गायन.’ स्रोतापन्न म्हणजे निर्वाणाच्या प्रवाहात उतरलेली व्यक्ती. असा शब्द फळ्यावर पहिल्यांदाच येत होता, म्हणून त्याला रंगीत खडू.

आणि इकडे विमलाबाईंचं सगळं उलटं होऊ लागलं. आठवड्याच्या आत लहरी गेल्या. पहाटे साधनेला बसलं की छातीत धस्स व्हायचं, सगळं झिजत, ढासळत चाललंय असं वाटायचं. जेवण नकोसं, माणसं नकोशी, स्वतःचा आवाज तर सगळ्यात नकोसा. डोळे मिटून त्या लहरी शोधायच्या, लहरी काही येईनात. आपल्या हातून काहीतरी पाप घडलं नि धम्म हातचा गेला, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. असल्या खोट्या तोंडानं आता गायचं नाही, कधीच नाही. पौर्णिमेच्या दुपारी त्या मल्हारीभाऊंना ताप आल्याचा निरोप धाडणार, तेवढ्यात दिंडोरीहून कुसाबाई आल्या.

कुसाबाई विमलाबाईंना शिबिरात भेटलेल्या, द्राक्षबागेत कामाला, वयानं मोठ्या, पाच शिबिरं केलेल्या. सत्काराला म्हणून दोन किलो द्राक्षं घेऊन आलेल्या. विमलाबाईंनी दार लोटून त्यांना सगळं सांगितलं. कुसाबाई पदर तोंडाला लावून हसायलाच लागल्या.

“अगं विमल, मी तर सलाइन लावून घेतली व्हती.”

“ती कशाला?”

“असंच झालं म्हणून. डाक्टरला काय कळतंय? पुढच्या शिबिराला गुरुजींना विचारलं. ते म्हणले, आधी लय सुख येतं, मंग सगळं मोडतंय ते दिसतं, मंग भ्या वाटतं, मंग वीट येतो. टप्पाच हे तो. तू मागं नाय गेली, पुढं आली.”

“मग करू काय मी?”

“सुख हुडकू नको अन् भ्याला हाकलू नको. दोघांकडं सारखंच बघ. टायमावर जेव. लयच झालं तर हातापायाकडं ध्यान दे.”

दोघी तासभर बसल्या. भीती काही गेली नाही. पण विमलाबाईंना ती दिसली: छातीत, मुठीएवढी, वाढते, कमी होते, पुन्हा वाढते. त्या आनंदाच्या लहरी तरी याहून वेगळं काय करत होत्या? उठल्यावर त्यांनी द्राक्षं खाल्ली, आणि कितीतरी दिवसांनी तोंडाला चव आली.

संध्याकाळी त्यांनी फळ्यावरचा तो शब्द आधी पदरानं पुसला. मल्हारीभाऊ म्हणाले, ही तुमची नम्रता. नम्रता नाही, खरं तेच सांगतेय, म्हणत त्यांनी गाण्यातून सगळं सांगून टाकलं.

सुखाची लहर आली, आली तशी गेली गं,
भीतीची लहर आली, तिला पाहत बसले गं.

सलाइनपाशी आल्यावर विहार हसून लोळला. मग सुलाबाई उभ्या राहिल्या. शिबिरानंतर त्यांचंही असंच झालं होतं; भिऊन त्यांनी दोन वर्षं साधनेला बसणंच सोडलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं. मागून शिबिर केलेल्या चतुराबाई म्हणाल्या, माझंही तेच. शेवटी मल्हारीभाऊंनी माइक मागून घेतला.

“मी तर सहाव्या दिवशीच पळून आलो होतो. उरलेले दिवस सटाण्याला बहिणीकडे काढले.”

दत्तू ढोलकीवर वाकून खुसखुसला.

“आता हसून घ्या,” मल्हारीभाऊ म्हणाले, “पण उद्या पहाटे किती वाजता बसायचं तेवढं सांगा.”

विमलाबाईंना हसू आवरेना, धृपदाची ओळ काही पुन्हा उचलता येईना. मग ती सगळ्या विहारानंच गायली.