दुसऱ्याची चेन

आमच्या घरात एकवेळ दुसऱ्याचा टूथब्रश चालेल, पण दुसऱ्याच्या चेनला कानस लावलेली चालत नाही. हा आप्पांचा नियम. आप्पा म्हणजे माझे वडील. ते आणि दादा झाडं कापून उतरवतात; त्यांनी आणलेल्या खोडांतून मी घोडे, घुबडं, बाकं काढते. तिघांचे चेनसॉ एकाच शेडमध्ये, एकाच फळीवर. ज्याचं मशीन त्यानंच धार लावायची, कारण प्रत्येकाचा हात वेगळा असतो आणि चेनला एकाच हाताची सवय लागते. आप्पांचा दुसरा नियम असा की, नाइलाजानं कुणाचं मशीन नेलंच, तर धार लावल्याशिवाय परत ठेवायचं नाही. हे दोन नियम एकमेकांशी भांडतात, पण भांडण ही आमच्या घरात कधी अडचण नव्हती.

तर त्या दिवशी माझ्या मशीननं घोड्याचा कान खाल्ला.

शाळेच्या फाटकासाठी घोडा चालला होता. मान झाली, आयाळ झाली. माझं मशीन कोरीवकामाचं, लहान. चेन ज्या पट्टीवर फिरते ती टोकाला निमुळती आणि चेनचे दात बारीक. त्यानं डोळ्याची खोबणसुद्धा काढता येते. कानामागून सरळ खाली कट घेतला, तर तो डावीकडे वळत वळत गेला आणि कान बुडासकट माझ्या बुटावर पडला. मी मशीन बंद केलं, चेन उजेडात धरली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. डावीकडचे दात लांब, उजवीकडचे आखूड आणि भलत्याच कोनात घासलेले. अशी चेन सरळ कापूच शकत नाही. वर पट्टीला बाक आलेला, फांदीत अडकून पिळल्यासारखा. म्हणजे माझं मशीन कुणीतरी झाडावर नेलं होतं, वाकवलं होतं आणि वर साळसूदपणे धार लावून फळीवर ठेवलं होतं.

कुणीतरी म्हणजे दादा. आणखी कोण? मी कान हातात घेऊन त्याच्यासमोर उभी राहिले. त्यानं कानांवर हात ठेवले. त्याचे शाबूत होते ना. मी विचारलं, मग काय घोड्यानं धार लावली? मग मी लहानपणापासूनचा सगळा पाढा वाचला. वहिनी दारापर्यंत आली, आमची तोंडं बघून तशीच मागे फिरली. शेवटी दादा एवढंच म्हणाला की पट्टी, चेन दोन्ही नवीन आणून देतो, पण विषय सोड. त्यानं तर माझं डोकं आणखी फिरलं. ज्यानं केलं नाही तो भरून कशाला देईल?

दुसऱ्या दिवशी बेकरीच्या छपरावर झुकलेलं मोठं झाड उतरवायचं होतं. वर नेहमीसारखे आप्पा चढणार होते, दादा खाली दोर सांभाळणार होता. हल्ली आप्पांचं नवीन मशीन घ्यायचंही चाललं होतं. जन्मभर घरातलं सगळ्यात जड मशीन वापरलेला माणूस दुकानात जाऊन हलकी हलकी मशीनं उचलून बघायचा, हादरे कुठल्याचे कमी बसतात ते विचारायचा. मी त्यांना चिडवलंही होतं, आप्पा, आता भाजी चिरायला घेताय का? ते हसले नव्हते. माझ्या डोक्यात तेव्हाही काही शिरलं नाही.

दादाची तक्रार घेऊन मी शेडमध्ये गेले. आप्पा स्टुलावर बसून आपल्या मोठ्या मशीनची चेन घासत होते. गोल कानस एका लयीत पुढे जात होती. हातात मोजे नव्हते. मोजे घातले की हाताला काही कळत नाही, असं ते कायम म्हणायचे. मी तोंड उघडलं आणि पट्टीवर लाल थेंब पडताना दिसला. मग दुसरा. आप्पा घासतच होते, वर काहीतरी गुणगुणत होते.

"आप्पा, रक्त."

त्यांनी कानस थांबवली. उजवा हात उलटासुलटा करून बघितला.

"कुठंय?"

रक्त डाव्या हातातून येत होतं. दोन बोटं दातांवर चांगली चिरली होती.

मी जवळ जाऊन चेन बघितली. डावीकडचे दात लांब, उजवीकडचे आखूड, भलत्याच कोनात. माझ्या चेनसारखेच, फक्त मोठे.

मला रडू आलं नाही. राग आला, आणि इतका आला की त्यांच्या बोटांना फडकं मी गरजेपेक्षा जास्तच घट्ट आवळलं. कधीपासून, असं विचारलं. ते म्हणाले की मशीनच्या हादऱ्यांनी आधी फक्त थंडीत बोटं पांढरी पडायची, बधिर व्हायची; आता उन्हातही त्यांना काही कळत नाही. मोठं मशीन वर पेलेना, म्हणून माझं नेलं होतं. आणि परत ठेवताना धार लावली होती, कारण नेलेलं मशीन तसंच ठेवायचं नसतं.

"अगं, चालतं तेवढं," ते म्हणाले. "ट्रिगर दाबला गेलाय की नाही, ते आवाजावरून कळतं मला."

"आवाजावरून? वर दोराला लटकून तुम्ही आवाजावरून ट्रिगर ओळखता?"

दादा दारात येऊन उभा राहिला होता. त्याचं तोंड बघूनच कळलं की त्याला सगळं ठाऊक होतं.

"त्यांनी शपथ घातली होती मला," तो म्हणाला.

"मग उद्या त्या शपथेलाच चढव झाडावर."

त्याची माफी मी मागितली नाही. हे माहीत असून त्यानं आप्पांना वर जाऊ दिलं होतं. ते भांडण वेगळं आणि ते अजून व्हायचं होतं. मी सांगून टाकलं की उद्या दादा चढेल, दोर मी धरीन, आणि आप्पा रस्त्याच्या पलीकडे उभे राहून काय शिव्या घालायच्या त्या घालतील.

"मला विचारणार नाहीस?" आप्पा म्हणाले.

"माझं मशीन नेताना तुम्ही मला विचारलं होतं?"

मी त्यांना स्टुलावरून उठवलं, त्यांचं मशीन शिकंज्यात आवळलं आणि कानस घेतली. जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याच्या चेनला हात लावत होते, आणि तेही आप्पांच्या, त्यांच्या देखत. आखूड झालेला दात काही लांब करता येत नाही. सगळ्यात आखूड दात शोधायचा आणि बाकीचे सगळे घासून त्याच्याएवढे करायचे. चांगली निम्मी चेन वाया गेली. प्रत्येक दाताला माझा राग नव्यानं वर येत होता. आप्पा बाजूला उभे राहून कोन सांगत होते, जरा आडवी धर, दाबू नकोस, ओढताना उचल. सगळं बरोबर सांगत होते. त्याचा तर जास्तच राग येत होता.

शेवटचा दात झाला. आप्पा सवयीनं पुढे आले आणि डाव्या हाताचा अंगठा धारेकडे नेला. धार ते नेहमी अंगठ्यानं बघायचे. आम्हा दोघांना त्यांनीच तसं शिकवलं होतं. मी त्यांचं मनगट धरलं.

"डोळ्यांनी बघा, आप्पा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग चष्मा नाकावर सारला, वाकले आणि एकेक दात नीट बघत पट्टीच्या टोकापर्यंत गेले.

"बरी लागलीय," ते म्हणाले, आणि फडकं बांधलेला हात खिशात घातला.