मुखवटेवाल्याची सात मिनिटं

सिनेमा तयार होता, घोडं अडलं होतं ते सात मिनिटांवर. उडत्या नायकाच्या या सिनेमात एक मुखवटेवाला येतो, पूल पाडतो, माणसं मारतो. का, ते सांगणारी त्याच्या बालपणाची सात मिनिटं दिग्दर्शकाला जीव की प्राण होती. संकलन करणारी बाई म्हणत होती, कापा.

"अहो, त्याला दारुड्या बापाचा मार खाताना बघितलं, की मग त्याची भीती कसली डोंबलाची वाटणार?"

"पण ताई, माणसाला कारण तर लागतंच ना?"

कारणापायी तिच्या घरात काय चाललं होतं, ते त्याला कुठे ठाऊक!

दोन वर्षांपूर्वी तिच्या धाकट्या भावाला एका अनोळखी माणसाने बसथांब्यावर भोसकून मारलं. ओळख नाही, भांडण नाही, पाकीटही जागच्या जागी. कोर्टात त्या माणसाने तोंडातून ब्र काढला नाही. त्याला जन्मठेप झाली, आणि ‘का मारलंस’ एवढंच विचारायला बाबांच्या तुरुंगाच्या खेपा सुरू झाल्या. दर महिन्याला भेट मागायची, त्याने नाही म्हणायचं, यांनी मान खाली घालून परत यायचं. आणि आता निरोप आला होता: उद्या या, सगळं सांगतो. बाबांनी शर्ट इस्त्री करून ठेवला. तिला राग यायला हवा होता, निदान रडू तरी. काही आलं नाही. दोन वर्षं असंच, मेलं काही आतपर्यंत पोचतच नव्हतं. बाबांनी जाऊ नये, एवढंच तिला कळत होतं. पण हे त्यांना सांगायचं कुठल्या तोंडाने?

तिची एक जुनी सवय होती. सिनेमा आधी बाबांना दाखवायचा, आणि आपण पडद्याकडे न बघता त्यांच्या हातांकडे बघायचं. त्या दुपारी तिने त्यांना संकलनाच्या खोलीत बसवलं आणि आधी बालपणासकटची प्रत लावली. पडद्यावर बापाने पट्टा उगारला तसे बाबा "अरेरे" म्हणाले. पुढे पूल पडला, माणसं किंचाळली, पण हात मांडीवर सैलच होते. मग सात मिनिटं वगळून तीच गोष्ट. पूल पडणार हे आता माहीत होतं, तरी मुखवटा दिसताच बाबांनी खुर्चीचे हात असे धरले की बोटं पांढरी पडली.

"कुठली ठेवू?" तिने विचारलं.

"पहिल्यात त्या पोराची दया आली गं," ते म्हणाले. "पुलावर कोण कोण होतं, ते आठवतसुद्धा नाही."

तिने सात मिनिटं काढून टाकली. दिग्दर्शक आधी फुगून बसला, मग बघितल्यावर म्हणाला, "ताई, अंगावर काटा आला हो." तिने बरं म्हटलं आणि संगणक बंद केला.

सकाळी इस्त्रीचा शर्ट खुंटीवरच होता. बाबा टेबलाशी बसले होते, समोर चहा गार झालेला.

"बस चुकेल बाबा," ती म्हणाली. असं का म्हणाली, तिचं तिलाच कळेना.

"नाही जात."

"एवढ्या खेपा घातल्यात त्यासाठी."

"घातल्या ना." त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली होती. "पण त्याने कारण सांगितलं, आणि मला ते पटलं, तर गं?"