पोटवाला आधी

डॉ. प्रमोदिनी देवस्थळी रिटायर झाल्या आणि महिन्याभरात ग्लासगोहून समरचा फोन आला. समर एकेकाळी त्यांच्या हाताखाली सर्जरी शिकलेला. आता ब्रह्मदेशातल्या युद्धात अडकलेल्या दवाखान्यांना ब्रिटनमधून मदत करणारी एक छोटी संस्था चालवायचा.

"मॅडम, तिथे डॉक्टर उरलेच नाहीयेत. नर्सेस पोटं उघडतायत. तुम्ही फक्त बोलायचं."

तेव्हापासून दर मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी दहाला त्या इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या घरी डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडून बसू लागल्या. पलीकडे ब्रह्मदेशाच्या पूर्वेला, करेन्नी डोंगरात झाडीखाली लपवलेला बांबूचा दवाखाना, आणि सो मेह नावाची सव्वीस वर्षांची नर्स. तिच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून तिथे सरकारी फौज आणि डोंगरातल्या जमातींची दलं लढत होती. करार व्हायचे, मोडायचे. पोरीचं शिक्षण झालं ते या लढायांच्या मधल्या फटींतून. ती प्रमोदिनीबाईंना 'सयामा' म्हणायची. आपण शाळेत 'बाई' म्हणतो तसं. डुकराच्या आतड्यावर टाके घालून कॅमेऱ्यापुढे धरायची, आणि बाई "परत घाल" म्हणाल्या की मुकाट्याने उसवायची. हात मात्र सोन्यासारखे होते तिचे.

मार्चमधल्या एका गुरुवारी स्क्रीन उघडली तर आतडं नव्हतं, माणसं होती. दोघं, शेजारी शेजारी, चटईवर.

"सयामा, डावीकडचा कु रेह. आमच्या गावचा. तोफेचा तुकडा डोक्यात गेलाय." सो मेहला धाप लागली होती. "उजवीकडचा फौजेचा. पोटात लागलंय. भुलीचं औषध एकाच माणसापुरतं आहे."

"कु रेहच्या डोळ्यांत टॉर्च मार. बाहुल्या बघ."

सो मेहने टॉर्च मारला. मग पुन्हा मारला.

"दोन्ही मोठ्या. हलत नाहीत."

बाईंना विचार करायला फार वेळ लागला नाही. अठ्ठावीस वर्षं हेच तर केलं होतं. "पोटवाला आधी," त्या म्हणाल्या.

"तो त्यांचा आहे, सयामा."

"तो जगेल. कु रेह नाही जगणार, सो. तुलाही माहीत आहे."

"बाहेर कु रेहची आई बसलीय."

"सो मेह, पोटवाला घे."

दोन तास दहा मिनिटं त्या बोलत होत्या. इथे चिमटा लाव, प्लीहा गेलीय, काढून टाक, आतड्याचा फाटका भाग काप, घाई करू नकोस. नवरा, श्रीकांत, चहा ठेवून गेला, तो तसाच गार झाला. शेवटचा टाका पडला तेव्हा शेजारच्या चटईवर कोणीतरी चादर ओढली होती, आणि बाहेरून एका बाईचा आवाज येत होता. रडणं नव्हतं ते. एकच वाक्य पुन्हा पुन्हा.

"काय म्हणतायत त्या?"

"विचारतायत, एवढा वेळ तू कुणाचं पोट शिवत होतीस."

सैनिक जगला. एकोणीस वर्षांचा होता, बसस्टॉपवरून धरून भरती केलेला. चौथ्या दिवशी भाताची पेज प्यायला. सो मेहने हे सांगितलं ते केस पेपर वाचून दाखवल्यासारखं. गावातल्या बाया आता तिच्याकडे येत नव्हत्या. तिची सख्खी मावशी मलेरियाने फणफणली होती, तीसुद्धा दोन डोंगर ओलांडून दुसरीकडे गेली.

महिन्याभराने कैद्यांची अदलाबदल झाली, त्यात तो सैनिक परत गेला. आणि त्यानंतर नवव्या दिवशी, भरदुपारी, दवाखान्यावर विमानं आली. झाडीखालचा तो दवाखाना तीन वर्षांत कुणाला दिसला नव्हता.

समरने फोनवर आकडा सांगितला. चौदा. त्यात दोन बाळंतिणी.

"मॅडम, त्यानेच सांगितलं असं काही नाही हं. ड्रोन फिरत असतात, फोनचे सिग्नल पकडतात. आपण दर आठवड्याला कॉल करत होतो, त्यावरूनही असेल. कुणालाच कळणार नाही."

"सो मेह?"

"ती पाण्याला गेली होती."

पुढच्या मंगळवारी प्रमोदिनीबाई दहाला बसल्या. सव्वाअकराला सो मेह आली. तोंडावर कसलेसे ओरखडे, मागे ताडपत्री, कुठेतरी एक मूल किरकिरत होतं. तिने नमस्कार केला नाही.

"सयामा, एकच विचारायचंय. तो आज पुन्हा चटईवर आला, तर काय सांगाल?"

बाईंना कितीतरी सांगता आलं असतं. मला माफ कर. मला काय माहीत होतं. मी इथे उबेत बसून बोलत होते, तू तिथे होतीस. यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं. पण पोरीने विचारलं होतं ते वेगळंच, आणि तिला खोटं सांगणं त्यांना जमेना.

"पोटवाला आधी," त्या म्हणाल्या. "तेच सांगेन, सो."

सो मेहने मान हलवली, उसवताना हलवायची तशीच. स्क्रीन काळी झाली.

त्यानंतर तो नंबर लागलाच नाही. बाई दोन आठवडे दहाला बसत राहिल्या. "अगं, आता बास," श्रीकांत म्हणाला, तेव्हा त्या त्याच्यावर ओरडल्या, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभ्या राहिल्या.

जूनमध्ये समरने एक फोटो पाठवला. नदीच्या काठी डोंगरातल्या दलाची नवी तुकडी, हिरव्या कपड्यांत, वीस-बावीस जणं. दुसऱ्या रांगेत सो मेह. केस कापलेले, खांद्याला बंदूक.

खाली समरने लिहिलं होतं: तिथल्या लोकांनी तिला नर्सिंग कर म्हणून खूप विनवलं. ती म्हणाली, मी आता कुणाचं काही शिवणार नाही.

प्रमोदिनीबाईंनी फोटो मोठा करून तिचा चेहरा पाहिला. मग समरला लिहिलं की दुसऱ्या दवाखान्याचं काम मला देऊ नकोस. पाठवून झाल्यावर लॅपटॉप मिटला, आणि त्या तिथेच टेबलाशी बसून राहिल्या, श्रीकांतने ताटं आणून मांडली तरी.